सगळं लक्षात ठेवणारी खिडकी

मित्रांनो, सिंदी मेघेच्या मोठ्या रस्त्यावर फॉर्म भरून देणारं एक दुकान आहे. त्या दुकानात काउंटरच्या खाली, कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यांमागे मला आता ठेवून दिलं आहे. मी तिथला पहिला संगणक. माझा पांढरा रंग कधीच पिवळा पडला. माझ्या कळफलकावरची निम्मी अक्षरं बोटांनी पुसून टाकली. कधीतरी एखादी जुनी फाइल हवी असली की मला बाहेर काढतात, सुरू करतात, आणि काम झालं की परत खाली ठेवतात. माझी तक्रार नाही. पण तुम्हाला एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला कायमचं बंद व्हायचं नाही. ती माझ्या पराक्रमाची गोष्ट नाही. एका मुलीचं वर्ष आमच्या हातून गेलं, त्याची आहे.

माझे भाग कुठकुठल्या कारखान्यांत तयार झाले ते मला माहीत नाही. नागपूरच्या एका दुकानात ते जोडले गेले आणि मी जागा झालो. लक्ष्मणराव मला घ्यायला आले होते. बसमध्ये माझी पेटी त्यांनी मांडीवर घेतली आणि पडद्याचा खोका शेजारच्या सीटवर ठेवला. कंडक्टर कुरकुरला, तेव्हा त्यांनी खोक्याचंही तिकीट काढलं. सबंध प्रवासभर त्यांनी एक हात त्या खोक्यावर ठेवला होता.

लक्ष्मणराव टंकलेखन शिकवायचे. त्यांच्याकडे अठरा टाइपरायटर होते. विद्यार्थ्यांना ते सांगत, बोटं पळाली तरी चालतील, पण कागद बाहेर काढण्याआधी डोळ्यांनी एकेक ओळ चालत जायचं. पुढे टाइपरायटर शिकायला कोणी येईना. मग त्यांनी ते एकेक करून विकले आणि माझ्या भरवशावर फॉर्म भरून देण्याचं काम सुरू केलं. दाखले, नोकरीचे अर्ज, परीक्षांचे अर्ज, शिष्यवृत्त्या. मदतीला त्यांनी त्यांचीच एक विद्यार्थिनी घेतली. तिचं नाव छाया. तिच्या बोटांइतकी चपळ बोटं मी दुसरी पाहिली नाहीत. काही वर्षांनी लक्ष्मणरावांचे गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा त्यांनी दुकान तिच्याच हाती दिलं. तरी दुपारी ते येत, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून पेपर वाचत. छायाताई त्यांना शेवटपर्यंत सरच म्हणत राहिल्या.

आता माझ्यातल्या खिडक्यांबद्दल सांगतो. इंटरनेटवरची पानं ज्यातून दिसतात त्याला ब्राउझर म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. छायाताई त्यांना खिडक्या म्हणायच्या. माझ्यात तशा तीन होत्या. त्यांच्या चित्रांच्या रंगांवरून ताईंनी त्यांना नावं दिली होती: निळी, केशरी आणि हिरवी. निळी माझ्याबरोबर नागपूरहून आली होती. केशरी मागाहून आली. हिरवी सगळ्यांत नवी.

एकदा मे महिन्यात दुपारभर दुकानात कोणी फिरकलं नाही. कूलरचं पाणी संपत आलं होतं. छायाताई म्हणाल्या, "सर, आज या तिघींची परीक्षा घेऊ. एकच कोणतीतरी ठेवतो. तीन-तीन घेऊन काय कराचं?"

सरांना परीक्षा म्हटलं की उत्साह यायचा. त्यांनी एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रकाने आखले. वेग, मराठी अक्षरं, छपाई, भरवसा. मग तिन्ही खिडक्यांतून एकच पान उघडलं, एकच फॉर्म भरला आणि एकच कागद छापला.

निळी इतकी रेंगाळली की सरांनी तेवढ्यात चष्मा पुसून घेतला. पण ती प्रत्येक रकाना रिकामा ठेवायची आणि प्रत्येक वेळी विचारायची. केशरीत मराठी अक्षरं सुरेख दिसली. एकही जोडाक्षर मोडलं नाही. मात्र चौथं पान उघडताच माझा पंखा घरघर करू लागला. हिरवी तर ताईंनी बोट उचलायच्या आत उघडली. ताईंनी जिल्ह्याचं पहिलं अक्षर लिहिलं आणि तिने पुढचे रकाने स्वतःच भरून टाकले.

"पाहा सर," छायाताई हरखून म्हणाल्या, "आधीच्याचं गाव, पिनकोड, नंबर, सगळं हिच्या ध्यानात आहे. फरक आहे तेवढाच बदलवाचा."

"तेच तं मले पटलं नाई," सर म्हणाले. "जिले सगळं आधीच माहीत आहे, ती तुले विचारन कायले?"

"विचारत बसली तं जुलैत लाईन कशी हालन, सर?"

"लाईन हालली पाह्यजे, हे खरं आहे. पण ज्याचा फॉर्म आहे त्याले तं विचारलं पाह्यजे न बापा."

भरवशाच्या रकान्यात सरांनी निळीला आठ गुण दिले आणि हिरवीला चार. छायाताई हसल्या. दुकान त्यांचं होतं, निवडही त्यांचीच. त्यांनी हिरवीला पहिल्या जागी बसवलं आणि बाकीच्या दोघींची चित्रं पडद्यावरून काढून टाकली.

खरं सांगू? मला फार आनंद झाला होता. मी तेव्हाच जुना झालो होतो. माझ्यापेक्षा नवे संगणक रस्त्यापलीकडच्या दुकानांत आले होते. हिरवीमुळे मी पुन्हा चपळ दिसू लागलो. लोक म्हणू लागले, "छायाताईकडे जा, पाच मिनटांत मोकळा होशीन." पुलगावहून, सेलूहून लोक येऊ लागले. कौतुक कानावर पडलं की मी फुगून जायचो.

अशा एका जुलैत, बुधवारी, रुपा सयाम आली.

तिच्याबरोबर तिची आई सुंदरा होती. केळझरच्या पुढे, जंगलाला लागून त्यांचा पाडा. सुंदरा मजुरीला जायची. मोहाच्या दिवसांत मोहफुलं वेचायची. मायलेकी आपसात गोंडीत बोलत होत्या. माझ्यात इतक्या भाषांची अक्षरं होती, पण त्यांचं बोलणं मला कळलं नाही. रुपा बारावी पास झाली होती आणि तिला नर्सिंगला जायचं होतं. त्यांच्या पाड्यावरून इतक्या लांब शिकायला जाणारी ती पहिलीच मुलगी होती. हे सुंदराने छायाताईंना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ती रांगेतल्या लोकांकडेही पाहून घेत होती.

रांग पार पायऱ्यांपर्यंत गेली होती. छायाताईंनी पहिलं पान भरलं. रुपाच्या फोनवर सहा आकडे आले, ते तिने वाचून दाखवले. तिथवर सगळं बरोबर होतं. दुसऱ्या पानावर पत्ता आणि संपर्काचा नंबर पुन्हा विचारला होता; प्रवेशाचे मेसेज त्याच नंबरवर जायचे. ताईंनी जिल्ह्याचं पहिलं अक्षर लिहिलं. हिरवीने बाकीचं भरलं. सकाळीच पुलगावचा ऋतिक नावाचा मुलगा भरतीचा अर्ज भरून गेला होता. त्याचं गाव, त्याचा पिनकोड, त्याचा नंबर तिने रुपाच्या रकान्यांत ठेवून दिला. ताईंनी गाव बदललं. पिनकोड बदलला. नंबर तसाच राहिला.

मग मी ते पान दाखवलं, ज्यावर लिहिलेलं असतं की माहिती तपासून पाहा. रुपा पुढे वाकली. तिचे ओठ हलत होते. ती नावापासून एकेक ओळ वाचत होती. ती तिसऱ्या ओळीवर होती. नंबर सहाव्या ओळीत होता.

मागून एक गृहस्थ म्हणाले, "ताई, घ्या न आवरून. मले गाडी धराची आहे."

"झालं, झालं," छायाताई म्हणाल्या, आणि त्यांनी कळ दाबली.

रुपाने तोंड उघडलं होतं. काहीतरी विचारायचं होतं तिला. पण पान निघून गेलं होतं. छापलेला अर्ज सुंदराने घडी न घालता पिशवीत ठेवला आणि दोघी बसस्टँडकडे गेल्या.

तीन आठवड्यांनी रुपा एकटीच आली. "ताई, माहा मेसेज नाई आला. माह्या मैत्रिणीले तं लागलं कॉलेज."

छायाताईंनी तिचा अर्ज उघडला. मी पान दाखवलं. रुपाला नागपूरच्या कॉलेजात जागा मिळाली होती. हजर व्हायची मुदत पाच दिवसांपूर्वी संपली होती. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं: प्रवेश रद्द. ताई पान खाली सरकवत गेल्या आणि सहाव्या ओळीशी थांबल्या. त्यांचा हात माउसवर तसाच राहिला. त्यांना सगळं समजलं, हे मला समजलं.

"काय झालं, ताई?"

दुकानात आठ-दहा माणसं उभी होती. छायाताईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "नंबर लागलता तुहा. तुले मेसेज आला असन, तू पाह्यला नाई."

"नाई आला, ताई. मी रोज पाहून राह्यलती."

"तुमच्याकडे रेंज राहाते काय? मंग मेसेज कसा येईन?"

"मी टेकडीवर जाऊन पाहे," रुपा म्हणाली. "रोज संध्याकाळी."

"मंग एखादा दिवस राहून गेला असन."

रुपाने आपला छोटा फोन पुढे धरला आणि बटणं दाबत जुने मेसेज पाहिले, एकदा खाली, एकदा वर. मग फोन मुठीत धरून ती पायऱ्या उतरली.

मित्रांनो, नंबर चुकला ती चूक होती. पण हे जे त्या दिवशी बोलणं झालं, त्याला मी चूक म्हणू शकत नाही. आणि ज्या पानावर खरं लिहिलं होतं, त्याचं तोंड छायाताईंकडे होतं, रुपाकडे नव्हतं. माझ्या पडद्याला मान असती तर तो मी वळवला असता, असं मला अजून वाटतं.

गर्दी ओसरल्यावर ताईंनी त्या नंबरवर फोन लावला. आवाज मोठा होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"आलते न मॅडम मेसेज," ऋतिक म्हणाला. "दोन का तीन आलते. तुमची नर्सिंगची जागा पक्की झाली म्हणे. मी कायले नर्स होतो? मले वाटलं फ्रॉड आहे, मी डिलीट करून टाकले. काऊन, काई गडबड झाली काय?"

"नाई," म्हणून ताईंनी फोन ठेवला.

कोपऱ्यात सरांचा पेपर खाली आला. "तिचा मेसेज त्याले गेला?"

"हो."

"तिले सांगितलं काय?"

"नाई सांगितलं, सर. लोक उभे होते."

"आता तं कोणी नाई."

"रविवारी जातो तिच्या घरी. सांगतो."

त्या रविवारी छायाताईंकडे पाहुणे आले. त्याच्या पुढच्या रविवारी पाऊस होता. रोज सकाळी मला सुरू केलं की त्या आधी रुपाचा अर्ज उघडत, ते लाल शब्द बघत आणि पान बंद करत. हे सरांना माहीत नव्हतं. मला होतं.

तिसरा रविवार यायच्या आधीच, गुरुवारी, रुपा आली. तिने पिशवीतून छापलेला अर्ज काढला, काउंटरवर सपाट केला आणि सहाव्या ओळीवर बोट ठेवलं.

"ताई, हा नंबर माहा नोहय."

छायाताई उभ्या राहिल्या.

"मायनं कागद फेकाले काढलता," रुपा म्हणाली. "मी म्हटलं, एक डाव वाचून पाहातो. पंधरा दिवस झाले, माय माह्याशी बोलली नाई. तिले वाटते मले जाचंच नव्हतं, म्हणून मी मेसेज पाह्यला नाई."

"चूक माही आहे, रुपा," छायाताई म्हणाल्या. त्या एवढ्यावर थांबू शकल्या असत्या. दुकान भरलेलं होतं आणि सगळे ऐकत होते. पण त्या पुढे म्हणाल्या, "तू आलती न, मले त्याच दिवशी समजलतं."

रुपाला हे अपेक्षित नव्हतं. तिने सहाव्या ओळीवरचं बोट उचललं. "मंग तुमी मले रेंजचं काऊन सांगितलं?"

छायाताईंनी रांगेतल्या लोकांना उद्या यायला सांगितलं, मला बंद केलं आणि त्या रुपाबरोबर बसने तिच्या पाड्यावर गेल्या.

तिथे काय झालं ते त्यांनी दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. सुंदरा कामावरून यायची होती. ती आली आणि ताईंनी दारातच उभं राहून सगळं सांगितलं. सुंदराने ऐकून घेतलं. आधी तिने ताईंना पाणी दिलं. मग ती रुपाजवळ गेली आणि गोंडीत काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाली ते मले नाई समजलं, सर," छायाताई म्हणाल्या. "पण पोरगी ढसाढसा रडली. मले शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं. पाणी नव्हतं द्याले पाह्यजे तिनं."

पुढच्या आठवड्यात ताई रुपाला घेऊन नागपूरच्या त्या कॉलेजात गेल्या. चूक आपली आहे असं त्यांनी कागदावर लिहून दिलं, सही केली. तिथल्या प्रवेश पाहणाऱ्या बाईंनी शांतपणे ऐकलं, पण त्यांचाही इलाज नव्हता. त्या जागेवर भंडाऱ्याकडची एक मुलगी आली होती, वर्गात बसू लागली होती. तिला उठवून ती जागा रुपाला कशी देणार?

परत आल्यावर छायाताईंनी हिरवीची सारी आठवण पुसून टाकली. हजारो नावं, गावं, नंबर एका क्षणात गेले. निळी आणि केशरी पुन्हा पडद्यावर आल्या. ताई सरांना म्हणाल्या, "तुमी म्हणत होते, सर. मी ऐकलं नाई. मीच हिरवी निवडली."

मला वाटलं, सर आता कॅलेंडरवरच्या गुणांची आठवण देतील. त्यांनी दिली नाही.

"खिडकीनं काय केलं, पोरी?" ते म्हणाले. "निळी असती अन् तुह्या बोटानं चुकलं असतं, तरी असंच झालं असतं. ते लेकरू वाचून राह्यलं होतं. त्याले वाचू द्याचं होतं." मग ते हळूच म्हणाले, "अन् मी कुठं होतो? या खुर्चीतच होतो. पेपर वाचत."

त्यानंतर दुकानाची रीत बदलली. माझा पडदा फिरत्या लाकडी पाटावर ठेवला. अर्ज भरून झाला की ताई तो गिऱ्हाइकाकडे वळवायच्या आणि म्हणायच्या, "मोठ्यानं वाचा." ज्यांना वाचता येत नसे त्यांना त्या स्वतः वाचून दाखवायच्या, नंबर दोनदा. रांग हळू सरकू लागली. काही लोक कंटाळून रस्त्यापलीकडच्या दुकानात गेले आणि परत आले नाहीत. छायाताईंनी कोणाला हाक मारली नाही.

वर्ष गेलं. पुन्हा जुलै आला. रुपा येईल म्हणून ताईंनी तिचे जुने कागद एका फाइलमध्ये लावून ठेवले होते. पायऱ्यांवर मुलीचा आवाज आला की त्या मान वर करायच्या. रुपा आली नाही. अर्जाचे शेवटचे दोन दिवस उरले, तेव्हा त्यांनी तिला फोन लावला. सुदैवाने लागला.

"फॉर्म भरला काय, रुपा?"

"भरला, ताई. मैत्रिणीच्या फोनवरून भरला. मीच भरला."

"नीट पाह्यला न?"

"चारदा वाचला," रुपा म्हणाली. आवाजात राग नव्हता. परक्या माणसाशी बोलावं तसा तो होता.

ऑगस्टच्या शेवटी ताईंनी पुन्हा एकदा फोन केला. या वर्षी जास्त मार्कांची मुलं आली होती. रुपाची जागा दोन गुणांनी हुकली. मागच्या वर्षी तेवढ्याच गुणांवर तिला नागपूर मिळालं होतं. आता ती सेलूला एका कपड्यांच्या दुकानात कामाला लागली होती.

"पुढच्या साली भरजो," छायाताई म्हणाल्या. "मी येतो तुह्यासोबत, जिथं म्हणशीन तिथं."

"पाहू, ताई," रुपा म्हणाली. "गिऱ्हाईक आलं," म्हणून तिने फोन ठेवला.

छायाताईंनी फोन बाजूला ठेवला. मग पुढच्या माणसाचा अर्ज समोर होता, तो त्यांनी भरायला घेतला.

मित्रांनो, माझं आता काही उरलेलं नाही. माझ्या जागी नवा संगणक आला आहे आणि त्याच्यातली खिडकी माझ्या हिरवीहून कितीतरी वेगवान आहे. तुम्हालाही कोणतीतरी एक खिडकी आवडेल. कोणाला वेग आवडेल, कोणाला सुरेख अक्षरं, कोणाला सगळं लक्षात ठेवणारी. खुशाल निवडा. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल आणि दुसऱ्या कोणाचं नाव तुमच्या बोटांखालून जाईल. तेव्हा त्या माणसाला ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचू द्या. मागची रांग थोडी ओरडेल, तिला ओरडू द्या. आणि तरीही चुकलंच काही, तर ते त्याच दिवशी, त्याच माणसाला सांगा. रविवारची वाट पाहू नका.